वाटा आणि ताट

अर्धा किलो मटण आणि जेवायला पाच माणसं, हा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचा रविवारचा हिशेब आहे. शहरांत बकऱ्याच्या मटणाचा दर किलोला ७००-८०० रुपयांच्या घरात गेल्यापासून तो आणखी आवळला गेला. महिन्याच्या किराण्याची यादी करताना तेल, डाळ, दूध, गॅस, शाळेची फी यांना आधी जागा द्यावी लागते. मटण त्यांच्यानंतर येतं, आणि आलं तरी अर्ध्या किलोच्या पुढे जात नाही. तरी त्या दिवशी घरभर वास सुटतो, भाकऱ्या नेहमीपेक्षा दोन जास्त थापल्या जातात आणि सगळे पोटभर जेवून उठतात. हे जमवून आणतो तो रस्सा. थोडं मटण पुष्कळ तोंडांना पुरवण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातून नेमकं काय पुरतं, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे : मटणाची चव वाढवत नेण्याची कला मराठी स्वयंपाकघराने पूर्णत्वाला नेली आहे, पण चव पाण्याने वाढते तसं पोषण वाढत नाही. म्हणून मटण खऱ्या अर्थाने पुरवायचं असेल तर पातेल्यात पाण्याबरोबर आणखी काय पडतं आणि पातेल्यातलं कुणाच्या ताटात जातं, या दोन्ही गोष्टी तपासायला हव्यात.

आधी या कलेचं मोल मान्य करायला हवं. कोल्हापुरी पद्धतीत मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून पाण्यात शिजवतात आणि वरचं अळणी पाणी बाजूला काढतात. त्या अळणीत तीळ, खसखस, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध पडलं की पांढरा रस्सा होतो. भाजलेला कांदा-खोबरं आणि कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा होतो. राहिलेल्या फोडींचं सुकं होतं. एकाच मटणातून तीन पदार्थ निघतात आणि ताट भरलेलं दिसतं. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे हेच काम येसर करतो. बाजरी, ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्याबरोबर दळलेलं हे पीठ उकळत्या रश्श्यात मूठभर घातलं की पातळ पाण्याला अंग येतं. खानदेशात कांदा आणि सुकं खोबरं काळसर होईपर्यंत भाजून वाटतात, कोकणात ओल्या खोबऱ्याचा हात सढळ असतो. रस्सा वाढवायचा तर आधणाचंच पाणी घालायचं, हे सगळीकडे ठरलेलं आहे, कारण गार पाण्याने उकळी मोडते आणि तर्री नीट वर येत नाही. या जाणतेपणाचा आणखी मोठा पुरावा बिनमटणाच्या रश्श्यांत सापडतो. जुन्नरकडची मासवडी, विदर्भातली पाटवडी, खानदेशातली शेवभाजी, मालवणात वड्यांबरोबर वाढलं जाणारं काळ्या वाटाण्याचं सांबार, या सगळ्यांत मटणाच्याच तोडीचं वाटण राबतं. मासवडीत तर बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं, मास फक्त नावात. जिभेला जो मटणाचा रस्सा म्हणून ओळखू येतो, त्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा, लसणाचा, मिरचीचा आणि तेलाचा वाटा फार मोठा आहे, हे या पदार्थांवरून दिसतं. चवीपुरतं मटण खरोखरच थोडं लागतं.

नेमका इथेच घोटाळा होतो. चव भरपूर आली म्हणजे ताकदही आली, असं आपण धरून चालतो. आजारी माणसाला, बाळंतिणीला, हाड मोडलेल्याला रस्सा किंवा पायाचं सूप पाजतात ते याच समजुतीने. रश्श्यात काही उतरतच नाही असं नाही. मीठ, चरबी, थोडी खनिजं आणि हाडा-कुर्च्यांतून सुटलेलं जिलेटिन त्यात असतं. आजाऱ्याला गरम, पचायला हलकं काही मिळतं, याचंही मोल आहे. पण जिलेटिन हे अपुरं प्रथिन आहे. शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी जी अमिनो आम्लं आहेत, त्यांतलं ट्रिप्टोफॅन त्यात नसतंच. हा धडा फ्रान्सने जवळपास २०० वर्षांपूर्वी घेतला. पॅरिसमध्ये हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचं सूप गरिबांना आणि रुग्णालयांतल्या रोग्यांना देण्याची टूम निघाली होती. थोड्या पैशांत मांसाची ताकद मिळेल असा दावा होता. त्यावर विज्ञान अकादमीने समिती नेमली आणि शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी यांच्या नेतृत्वाखालच्या त्या समितीने १८४१ मध्ये सांगितलं की नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री तग धरू शकत नाहीत. हाडाच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं, हीसुद्धा अशीच टिकून राहिलेली समजूत आहे; प्रत्यक्षात फार थोडं उतरतं. प्रथिन मुख्यतः फोडीत राहतं, रश्श्यात चव उतरते.

मग त्या अर्ध्या किलोत असतं किती? हाडासकट घेतलेल्या ५०० ग्रॅम मटणात साधारण ३६० ग्रॅम मांस धरू. कच्च्या मांसात १०० ग्रॅममागे सुमारे २० ग्रॅम प्रथिन असतं. म्हणजे सगळं मिळून सुमारे ७२ ग्रॅम, आणि समान वाटणी झाली तर पाच माणसांना प्रत्येकी १४ ग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या मापानुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ आणि स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिन लागतं. मटण ७५० रुपये किलो धरलं तर या हिशेबात एक ग्रॅम प्रथिन पाच रुपयांहून महाग पडतं. २४० रुपये किलोची ब्रॉयलर कोंबडी घेतली तर तेच पावणेदोन रुपयांच्या आसपास येतं. सात रुपयांच्या अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे ग्रॅमला रुपयाहून थोडं जास्त. हरभऱ्याची डाळ ९० रुपये किलो मिळाली तर ग्रॅमला ५० पैसेसुद्धा पडत नाहीत. दर गावागणिक आणि आठवड्यागणिक हलतात, पण ही उतरंड हलत नाही. पातेल्यात आणखी दोन तांबे पाणी ओतल्याने त्या ७२ ग्रॅममध्ये काहीच भर पडत नाही. खोबरं-कांद्याचं वाटण वाढवलं तर उष्मांक वाढतात, प्रथिन जेमतेम.

पण रश्श्याच्या शेजारीच दुसरी एक परंपरा नांदते. तिच्यात पाण्याऐवजी कडधान्याची भर घालून मटण पुरवतात. मराठवाड्यातल्या आणि हैदराबादकडच्या मुस्लिम घरांतला दालचा, मोहरममध्ये शिजणारा गहू-डाळी-मांसाचा खिचडा, पारशांचं धानसाक, गोव्याच्या ख्रिस्ती घरांतली चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि राजम्याची फेजोआद ही त्याच घराण्यातली मंडळी. इराणी हॉटेलांतल्या खिमा-मटारातही हीच युक्ती आहे. गोव्याच्या चोरीसचा गुण तर असा, की मीठ, व्हिनेगर आणि मिरचीत मुरलेले त्याचे चार-सहा मणी अख्ख्या पातेल्यातल्या कडधान्याला किंवा बटाट्याला चव देतात. या पदार्थांत कडधान्य मांसाइतक्याच मानाने असतं. आकडेही त्यांच्याच बाजूने आहेत. त्याच अर्ध्या किलो मटणात २०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ पडली तर खर्च वाढतो १८ रुपयांनी, आणि प्रथिन ७२ वरून ११४ ग्रॅमवर जातं. पाच जणांत वाटलं तर प्रत्येकी २३ ग्रॅम, म्हणजे एका स्त्रीची दिवसाची निम्मी गरज एका जेवणात भागते. वर भाकरी आहेच. धान्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते डाळ भरून काढते, आणि डाळीत जे कमी असतं ते धान्य.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नात तीच सर्वांत महत्त्वाची. डाळी, धान्य, पालेभाज्या यांत लोह असतं, पण शरीर त्यातलं फार थोडं शोषून घेतं. मांसातल्या रक्तरंजक द्रव्यातलं लोह त्या मानाने कितीतरी सहज शोषलं जातं. व्हेनेझुएलातल्या मिगेल लायरिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की मका किंवा घेवड्यासारख्या वनस्पतिजन्य अन्नाबरोबर त्याच जेवणात मांस खाल्लं, तर त्या वनस्पतिजन्य अन्नातलं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं. पुढच्या अनेक अभ्यासांनी हे पक्कं केलं. याचा स्वयंपाकघरातला अर्थ सरळ आहे. डाळीत पडलेलं थोडं मटण स्वतःचं लोह तर देतंच, शिवाय डाळीचं आणि भाकरीचं लोहही अंगी लागायला मदत करतं. दालच्याची किंमत त्यामुळे मटण अधिक डाळ एवढ्या बेरजेहून जास्त भरते. वरून लिंबू पिळलं तर आणखी फायदा, आणि जेवण होताच चहा घेतला तर तोटा, कारण चहातली टॅनिनं लोहाला अडवतात.

यावर पहिला आक्षेप चवीचा येतो. मटणात डाळ घातली की मटणाची मजा गेली, पाहुण्यांसमोर असं वाढायचं कसं, असं म्हणणारे कमी नाहीत. डाळ नुसती उरलेल्या रश्श्यात ढकलली तर त्यांचं म्हणणं खरंच ठरेल. पण दालचा नीट केला तर पळवाट वाटत नाही. डाळ तासभर भिजवून हळदीबरोबर मऊ शिजवायची, निम्मी घोटायची आणि निम्मी तशीच दिसेल अशी ठेवायची. मटण हाडासकट घ्यायचं. गर्दन, सीना, नळी असे तुकडे असले तर उत्तम, कारण चव तिथूनच येते आणि या भागांतले चिवट पडदे मंद आचेवर विरघळून डाळीला तकाकी देतात. कांदा लाल झाल्यावर मटण आलं-लसणावर परतून शिजवायचं, मग त्यात डाळ आणि दुधीच्या मोठ्या फोडी सोडायच्या. चिंचेचा कोळ मात्र अगदी शेवटी, कारण आंबट आधी पडलं तर डाळ शिजायला अडून बसते. वरून कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी. अशा दालच्याला मोठ्या जेवणावळींतही मान असतो. पांढऱ्या-तांबड्याची चव ज्यांना हवी त्यांनी सणासमारंभाला ती जरूर करावी. रोजच्या ओढाताणीच्या घरात मात्र कडधान्याची भर हाच नियम आणि नुसता रस्सा हा अपवाद असावा, एवढंच म्हणणं आहे.

पुरवण्याचा तिसरा मार्ग जनावराचा कोणताही भाग वाया न घालवण्याचा. गावोगावी चार-सहा घरं मिळून बोकड घेतात आणि त्याचे वाटे घालतात. खाली पळसाची किंवा सागाची पानं, त्यांवर मटणाचे सारखे ढीग आणि प्रत्येक ढिगात थोडं मांस, थोडी हाडं, काळजाचा तुकडा, वजडी, चरबी. कुणाला नुसती रान आणि कुणाला नुसती हाडं असं होत नाही. या पद्धतीत काळीज आणि वजडी आपोआप प्रत्येक घरात पोचते. शहरातल्या दुकानात मात्र गिऱ्हाईक चांगल्या मांसाकडे बोट दाखवतं, बोनलेस मागतं, आणि मुंडी, खूर, वजडी ‘तसलं’ खाणाऱ्यांची म्हणून बाजूला पडतात. हा ‘तसलं’ शब्द जातीच्या उतरंडीतून आला आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची नोंद केली. तेल-मसाला जेमतेम असताना जनावराचा प्रत्येक भाग कसा शिजवायचा, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा टिकवायच्या, याचं ते ज्ञान आहे. ज्या अन्नावरून माणसांना हिणवलं गेलं, त्यातलं काळीज आणि रक्त लोहाच्या बाबतीत चांगल्या मांसालाही मागे टाकतं. शिवाय काळजात अ आणि ब-१२ जीवनसत्त्वं भरपूर. बकऱ्याचं काळीज आता स्वस्त राहिलेलं नाही, पण कोंबडीची कलेजी-पेटा बहुतेक ठिकाणी कोंबडीहून कमी दरात मिळते.

या भागांबद्दलचे आक्षेप टाळून चालणार नाही. वजडी नीट साफ केली नाही तर त्रास देते, हे खरं. म्हणून ती विश्वासाच्या खाटकाकडून त्याच दिवशीची घ्यावी, गरम पाणी आणि चुना किंवा मीठ लावून खरवडावी आणि पूर्ण शिजवावी. काळजात कोलेस्टेरॉल जास्त असतं आणि युरिक ॲसिडचा त्रास असलेल्यांनी ते टाळावं, हेही खरं. गरोदर बाईने काळीज वारंवार आणि भरपूर खाऊ नये, कारण अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला अपाय करू शकतो. पण वाढत्या वयाच्या मुलीला आठवड्या-पंधरवड्यातून एकदा मूठभर काळीज कांदा-मिरीवर परतून देणं या सावधगिरीच्या आड येत नाही.

मटणाच्या गप्पांत सुक्या मासळीला कमी लेखलं जातं, आणि तंग खिशाच्या दृष्टीने ही मोठी चूक आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्याआधीच घरं सुका जवळा, बोंबील, सोडे, वाकट्या भरून ठेवतात. गोव्यात या पावसाळी साठवणीला पुरुमेंत म्हणतात. पाणी उडालेलं असल्याने सुक्या मासळीत वजनाच्या मानाने प्रथिन फार दाट असतं, १०० ग्रॅममागे ५०-६० ग्रॅमपर्यंत. मूठभर जवळा वांग्या-बटाट्यात पडला किंवा चार सोडे खिचडीत पडले की पातेलं चवीला येतं आणि त्यात प्रथिनही येतं. चव आणि पोषण इथे हातात हात घालून वाढतात, जे नुसत्या रश्श्याला जमत नाही. सोड्याची खिचडी चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत सणाच्या ताटाला शोभते आणि जवळ्याची चटणी कोळीवाड्यात भाकरीबरोबर जाते. मीठ जास्त असल्याने रक्तदाब असलेल्यांनी बेताने खावी आणि भिजवून पाणी टाकावं. अंड्याचंही तसंच. मटणाच्या उरलेल्या रश्श्यात दुसऱ्या दिवशी उकडलेली अंडी सोडणं ही साधी गोष्ट, पण पाच अंड्यांनी त्या रश्श्यात ३० ग्रॅम प्रथिन येतं, तेही ३५ रुपयांत.

आता सर्वांत टोकाचा आक्षेप. डाळ इतकी स्वस्त असेल आणि सोयाबीनच्या वड्यांत मांसाहून दुपटीने प्रथिन असेल, तर पैशांची ओढाताण असणाऱ्यांनी मांस खावंच कशाला? महाराष्ट्रात शाकाहारी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत आणि धान्य, डाळी, दूध, भाज्या यांचा मेळ नीट बसला तर त्यांचं आरोग्य उत्तम राहू शकतं. प्रश्न ‘नीट बसला तर’ या शब्दांचा आहे. ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. शाकाहारी माणसाला त्यासाठी दूध-दही पुरेसं लागतं, आणि दूधही खिशाला जडच. लोहाची गोष्ट वर आलीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, पण ज्या घराला मांसाहार चालतो त्या घराने हे सहज शोषलं जाणारं लोह केवळ हिशेबापायी सोडून द्यावं, असा सल्ला अशा राज्यात देता येणार नाही. आणि खाण्याला हिशेबापलीकडेही अर्थ असतो. आठवडाभर राबलेल्या माणसाला रविवारी मनासारखं जेवण हवं असतं. ही इच्छा चैन नाही, आणि तिला चैन ठरवायचा हक्क पोटभर खाणाऱ्यांना नाही.

मात्र तो सगळा आनंद एकाच रविवारी संपवावा का, यावर विचार व्हायला हवा. आपल्याकडे मांसाहाराला वार ठरलेले आहेत. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत बंद; बुधवार, शुक्रवार, रविवार चालतात; श्रावण पाळला जातो, त्याआधी आखाडात हौस भागवली जाते. श्रद्धेचा भाग आहेच, पण या वारांनी घरखर्चालाही शिस्त लावली आहे. श्रावणात मागणी घटून कोंबडीचे भाव उतरतात, त्याचा फायदा न पाळणाऱ्यांना होतो. या चौकटीत राहूनही एक बदल करता येतो. अर्धा किलो मटणाचा एकदाच मोठा बेत करण्यापेक्षा पाव किलो दोन चालत्या वारी डाळीबरोबर शिजवावं, किंवा एका वारी पाव किलो मटण आणि दुसऱ्या वारी जवळा वा अंडी. मांसामुळे बाकीच्या अन्नातलं लोह शोषलं जाण्याचा लाभ त्याच जेवणापुरता असतो. म्हणून आठवड्यात जितक्या वेळा थोडं मांस कडधान्याच्या सोबत येईल तितका तो लाभ जास्त वेळा मिळेल.

इथवरचा सगळा हिशेब पाच माणसांत समान वाटणी धरून केला. प्रत्यक्षात ती होत नाही, आणि पातेल्यातलं सारं शहाणपण इथेच गळून जातं. पुरुष आणि मुलगे आधी बसतात, फोडी त्यांच्याकडे जातात, नळी पाहुण्याला किंवा लाडक्याला मिळते. वाढणारी शेवटी बसते आणि तिच्या वाटीत रस्सा, बटाटा आणि एखादं हाड उरतं. तिला तेच आवडतं, असंही सांगितलं जातं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत देशभरातल्या १५ ते ४९ वयोगटात कधीही मांस-मासे न खाणारे पुरुष १६.६ टक्के, तर स्त्रिया २९.४ टक्के होत्या. उपास, व्रतं, माहेरची वा सासरची रीत यांचा यात मोठा वाटा असणार, आणि स्वेच्छेने न खाणाऱ्या बाईच्या निवडीबद्दल कुणी बोलू नये. पण ज्या घरात बाई खाते तिथेही रश्श्याची युक्ती तिच्याच विरुद्ध काम करते. रश्श्यामुळे सगळ्यांना मटण मिळालं असं दिसतं, म्हणून कुणाला काय मिळालं हे झाकलं जातं. मटण डाळीत किंवा खिम्यात मिसळलेलं असलं की ते असं निवडून काढता येत नाही. प्रत्येक पळीत थोडं थोडं येतंच. दालच्याच्या आणि खिम्याच्या बाजूने असलेला हा युक्तिवाद पोषणशास्त्राइतकाच वजनदार आहे. फोडींचाच बेत असेल तर जेवण सुरू होण्याआधी पाच वाट्यांत फोडी मोजून घालाव्यात, वाढणारीची वाटी धरून.

एक शेवटचा आक्षेप राहतो आणि त्यात तथ्य आहे. तुटपुंज्या पैशांत कसं भागवावं हे गरिबांना शिकवत बसणं म्हणजे मजुरी, महागाई आणि सरकारी धोरण यांवरचं लक्ष उडवणं. २०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरवाढीवरून नागरिक आणि विक्रेते आमनेसामने आले, तेव्हा मटण हा सार्वजनिक प्रश्न आहे हे लोकांनी दाखवून दिलं. १९७६ च्या कायद्याने राज्यात गोहत्येला बंदी होतीच. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीच्या मांसाला बंदी नसली, तरी या बदलाने अनेक दलित, मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांच्या ताटातून एक स्वस्त मांस गेलं, हे कायद्याबद्दलचं मत कोणतंही असलं तरी नाकारता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला; शाळांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत असं सांगण्यात आलं. ज्या मुलाच्या घरी अर्धा किलो मटण पाच जणांत जातं, त्याच्यासाठी ते अंडं फार मोलाचं होतं, आणि ते सरकारी खर्चाने परत सुरू व्हायला हवं. स्वयंपाकघरातली युक्ती मजुरीची जागा घेऊ शकत नाही. पण मजुरी वाढेपर्यंत आणि अंडं परत येईपर्यंत रोजचं जेवण थांबत नाही. त्या जेवणात १८ रुपयांच्या डाळीने ४० ग्रॅम प्रथिन वाढत असेल, तर ते सांगणं म्हणजे कुणाला उपदेश करणं होत नाही. शिवाय घरातली वाटणी बदलायला सरकारही लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

वाटे घालताना गाव फार काटेकोर असतं. एखाद्या ढिगात हाडं जास्त दिसली तर दुसऱ्यातला तुकडा उचलून तिकडे ठेवतात, काळीज सुरीने सारखं कापतात आणि सगळ्यांच्या मनासारखं झाल्याखेरीज कुणी आपलं पान उचलत नाही. बोकडात पैसे घातलेल्या प्रत्येक घराला सगळ्या प्रकारचं थोडं थोडं मिळालं पाहिजे, हा न्याय तिथे न बोलता पाळला जातो. तोच वाटा घरी आल्यावर मात्र तो शिजवणारीच्या ताटात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी पोचतो. गावाने पानावर जे सारखं करून दिलं ते घराने ताटात सारखं ठेवलं, तर त्याच अर्ध्या किलोत घरातल्या पाचही माणसांचं भागण्याची सुरुवात होईल.